बी.एड.च्या आंतरवासितेतील चिंतनात्मक लेखन : टिपणापासून बांधलेल्या फायलीपर्यंत

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014च्या विनियमांनंतर बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी, म्हणजे आंतरवासितेसाठी, एकूण 20 आठवडे राखले गेले. पाठ टाचण (पाठाचे लेखी नियोजन), निरीक्षणवही, घटक चाचणीचे विश्लेषण ही कामे छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चे विद्यार्थी, पूर्वीपासून करत आले आहेत. त्यांच्या जोडीला चिंतनात्मक लेखनाला आता फायलीत स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र गुण असतात. कोठे त्याला चिंतनात्मक दैनंदिनी म्हणतात, कोठे रिफ्लेक्टिव्ह जर्नल, तर कोठे प्रत्येक पाठाखाली ‘छात्राध्यापकाचे चिंतन’ असा चौकोन आखलेला असतो. त्या चौकोनात बहुतेक वेळा पुढील मजकूर सापडतो : “पाठ चांगला झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. वेळेचे नियोजन थोडे चुकले. पुढील पाठात सुधारणा करीन.” ही वाक्ये इतिहासाच्या पाठाखाली लिहा किंवा भूमितीच्या, सहावीच्या वर्गासाठी लिहा किंवा नववीच्या, कोठेही बिनबोभाट खपतात. म्हणूनच त्यांना गुण मिळत नाहीत.

चिंतनात्मक लेखनात घडलेल्या गोष्टीचे वृत्त हा केवळ प्रवेश असतो. वर्गात घडलेल्या एका गोष्टीमुळे लिहिणाऱ्याचा कोणता समज बदलला आणि तो कशाच्या आधारे बदलला, याचा माग त्यात काढायचा असतो. मांडणी, भाषा आणि छपाई यांविषयी पुढे जे सांगितले आहे ते याच हेतूला धरून आहे. समाजकार्य, परिचर्या किंवा वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांनाही त्यातील बराचसा भाग उपयोगी पडेल, परंतु उदाहरणे शाळेतील आहेत.

लिहिण्याआधी : नेमके काय मागितले आहे

प्रत्येक विद्यापीठाची आणि पुष्कळदा प्रत्येक महाविद्यालयाची मागणी वेगळी असते. त्यामुळे आधी कार्यपुस्तिका नीट वाचावी आणि मार्गदर्शक प्राध्यापकांना थेट प्रश्न विचारावेत. नोंद रोजची हवी की आठवड्याची, शब्दमर्यादा किती, ठरावीक प्रारूपातील उपशीर्षके सक्तीची आहेत का, लेखन हस्तलिखित हवे की टंकलिखित, आणि गुण कोणत्या निकषांवर विभागले आहेत, एवढे ठाऊक झाल्याशिवाय लिहायला बसू नये. सूचनेतील क्रियापदही पाहावे. ‘अनुभव लिहा’ असे म्हटले असेल तर वर्णनाला अधिक जागा देता येते. ‘चिकित्सक चिंतन करा’ असे असेल तर वर्णन आटोपते घेऊन विश्लेषणालाच मुख्य जागा द्यावी लागते.

गेल्या वर्षीच्या सिनिअरची फाईल नमुना म्हणून चाळायला हरकत नाही, पण तिच्यातून मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि प्रमाणपत्राचा मसुदा यांपलीकडे काही घेऊ नये. परीक्षकाने ती फाईलही तपासलेली असते. संगणकीय साधनाकडून चिंतन लिहून घेणाऱ्यांची अडचण थोडी निराळी आहे. त्या मजकुरात व्याकरणाची चूक सापडत नाही, पण त्यात वर्ग नसतो. तोंडी परीक्षेत “त्या मुलाने नेमके काय उत्तर दिले होते?” एवढे विचारले की सारे उघडे पडते.

त्याच दिवशीचे टिपण

चिंतन सावकाश लिहिता येते, टिपण मात्र त्याच दिवशी व्हायला हवे, आणि शक्यतो तास संपताच शिक्षककक्षात बसून करावे. डोनाल्ड शॉन यांनी 1983 साली व्यावसायिकांच्या विचारप्रक्रियेसंबंधी जी मांडणी केली, तिच्यात काम चालू असताना होणारे चिंतन आणि काम संपल्यानंतर होणारे चिंतन असा भेद केलेला आहे. पहिल्या प्रकारचे चिंतन वर्गात क्षणार्धात होऊन जाते; त्याचा काही पुरावा उरतो तो टिपणातच. चार दिवसांनी आठवून लिहिलेल्या प्रसंगात शिक्षक अधिक शहाणा होतो, मुले अधिक शिस्तीची होतात आणि प्रश्नोत्तरे टाचणात लिहिली होती तशीच घडल्याचे दिसू लागते.

टिपणात मोठी वाक्ये नकोत. विद्यार्थ्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत, फळ्यावर त्या वेळी काय लिहिलेले होते, तासातील अंदाजे वेळ, तुम्ही काय बोललात आणि तुम्हाला काय वाटले, एवढे पुरेसे आहे. पाठ टाचणाच्या समासात पेन्सिलीने खूण करून ठेवण्याची सवय सर्वांत सोयीची, कारण टाचणातील कोणत्या टप्प्यावर पाठ ठरलेल्या वाटेवरून सरकला हे त्यावरून नंतर लगेच सापडते.

एकच प्रसंग निवडावा

पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात लिहिण्यासारखे बरेच घडते आणि सगळे लिहिण्याचा मोह होतो. प्रस्तावना कशी झाली, शैक्षणिक साधन कसे वापरले, फलकलेखन कसे होते, वर्गनियंत्रण कसे होते, अशी क्रमवार उजळणी केली की चिंतनाचे निरीक्षणतक्त्यात रूपांतर होते. ते काम निरीक्षकांचे आहे आणि त्यांनी ते केलेले असते. तुम्ही एकच ठिकाण निवडावे : जेथे टाचण आणि वर्ग यांची फारकत झाली, जेथे उत्तर अनपेक्षित आले, जेथे वर्ग एकदम गप्प झाला, किंवा जेथे तुम्ही काही ठरवून नव्हे तर घाईने केले. प्रसंग अपयशाचाच असावा असे नाही. एखादी कृती अपेक्षेपेक्षा चांगली साधली आणि ती का साधली हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर तोही उत्तम विषय आहे. अशा यशावर मात्र फारच थोडे छात्राध्यापक लिहितात, कारण चिंतन म्हणजे चुकांची कबुली असा समज पक्का झालेला आहे.

वर्णन : थोडके, पण डोळ्यांसमोर उभे राहील असे

नमुन्यासाठी रचलेला एक प्रसंग घेऊ. इयत्ता सहावी, विषय गणित, घटक पूर्णांक संख्या. फायलीतील नेहमीचा मजकूर असा असतो :

“आज ‘पूर्णांक संख्या’ या घटकाचा पाठ घेण्यात आला. विद्यार्थ्यांना ऋण संख्यांची संकल्पना दैनंदिन जीवनातील उदाहरणांद्वारे समजावून सांगण्यात आली. एका विद्यार्थ्याने चुकीचे उत्तर दिले. त्यास योग्य मार्गदर्शन करण्यात आले.”

येथे उदाहरण कोणते, उत्तर कोणते आणि मार्गदर्शन कोणते, यांपैकी काहीच कळत नाही. त्यामुळे पुढे विश्लेषण करायला हाती काही उरतच नाही. तोच प्रसंग असा लिहिता येईल :

“ऋण संख्यांची ओळख करून देताना मी उधारीचे उदाहरण घेतले होते : दुकानदाराचे पाच रुपये देणे असणे म्हणजे उणे पाच. तुलनेचा भाग आल्यावर मी फळ्यावर −5 आणि −2 लिहून मोठी संख्या कोणती असे विचारले. विद्यार्थी ‘अ’ म्हणाला, ‘उणे पाच.’ मी ‘चूक’ म्हणून पुढच्या बाकाकडे वळले. तेव्हा तो पुन्हा म्हणाला, ‘पण बाई, पाच रुपयांची उधारी दोन रुपयांच्या उधारीपेक्षा मोठीच असते ना?’ वर्गात हशा पिकला. तास संपत आला होता. मी संख्यारेषा काढून ‘−2 उजवीकडे आहे म्हणून ती मोठी’ असे सांगितले आणि स्वाध्याय दिला.”

दुसरा परिच्छेद लांब आहे हे खरे, पण त्यातील प्रत्येक तपशील पुढे उपयोगी पडणार आहे. वर्णनात काय ठेवावे याची कसोटी तीच : विश्लेषणात ज्याचा उल्लेख पुन्हा येणार नाही, तो तपशील गाळावा. शाळेची इमारत, परिपाठ, मुख्याध्यापकांनी केलेले स्वागत यांना या नोंदीत जागा नाही.

भावना लिहाव्यात, पण त्यांनी काय घडवले तेही लिहावे

छात्राध्यापकांना हा भाग अवघड जातो, कारण शालेय आणि महाविद्यालयीन लेखनात स्वतःच्या भावना कधी मागितलेल्याच नसतात. परिणामी एक तर “मला खूप आनंद झाला” एवढ्यावर भागवले जाते किंवा पानभर पश्चात्ताप केला जातो. या दोन्हींपेक्षा एक नेमके वाक्य बरे : “वर्ग हसला तेव्हा मला वाटले की मुले मलाच हसत आहेत, आणि त्या ओशाळलेपणात मी त्याच्या प्रश्नाचे उत्तर न देता नियम सांगून मोकळी झाले.” या वाक्यात भावना आहे आणि तिच्यामुळे घेतला गेलेला निर्णयही आहे. अशी दोन-तीन वाक्ये झाली की पुढे जावे.

विश्लेषण : येथे जागा खर्च करावी

सहाशे शब्दांची नोंद असेल तर वर्णन आणि भावना मिळून दोनशे शब्दांत आवरावे, निम्म्याहून थोडी अधिक जागा विश्लेषणाला द्यावी आणि उरलेली पुढील कृतीला. वरील प्रसंगाचे विश्लेषण पुढीलप्रमाणे होऊ शकते :

“त्या वेळी मला हे उत्तर निष्काळजीपणाचे वाटले होते. संध्याकाळी टिपण वाचताना लक्षात आले की ते माझ्याच उदाहरणातून निघाले होते. मुलाने देण्याच्या रकमांची तुलना केली; मला अपेक्षित होती ती देणे वजा जाता हाती काय राहते याची तुलना. उधारीच्या व्यवहारात पाच ही रक्कम दोनपेक्षा मोठीच असते, त्यामुळे त्याचा तर्क चुकीचा नव्हता, तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत होता. या दोन तुलना वेगळ्या आहेत हे मी पाठात कोठेही सांगितले नाही, कारण टाचण लिहिताना ते मला स्वतःलाही दिसले नव्हते. स्वाध्यायाच्या वह्या पाहिल्या तेव्हा हाच गोंधळ आणखी काही वह्यांत आढळला. म्हणजे हसणाऱ्या मुलांपैकी काहींनाही फरक कळलेला नसावा.”

या परिच्छेदाची बांधणी पाहण्यासारखी आहे. आधीचा समज सांगितला आहे, तो कशामुळे ढळला हे सांगितले आहे, मुलाच्या तर्काला त्याच्या बाजूने न्याय दिला आहे, आणि एका मुलावरून काढलेला निष्कर्ष वह्यांवरून पडताळला आहे. शेवटच्या वाक्यातील ‘नसावा’ हे रूपही मुद्दाम आहे, कारण वह्यांवरून जेवढे म्हणता येते तेवढेच तेथे म्हटले आहे. वह्या, चाचणीचे गुण, निरीक्षकांचा शेरा, सहाध्यायी छात्राध्यापकाने पाठीमागे बसून केलेली नोंद असा दुसरा कोणता तरी आधार प्रत्येक विश्लेषणात असावा. केवळ स्वतःच्या मनात डोकावून केलेले चिंतन प्रामाणिक असले तरी तोकडे पडते.

प्रारूपाविषयी दोन शब्द. आपल्याकडे सर्वाधिक चालणारे चिंतनचक्र ग्रॅहम गिब्ज यांचे, 1988 सालचे : वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृती आराखडा अशा त्याच्या सहा पायऱ्या आहेत. टेरी बॉर्टन यांनी 1970 साली मांडलेली तीन प्रश्नांची रचना त्याहून साधी आहे : काय झाले, त्याचा अर्थ काय, आणि आता काय करायचे. माझ्या मते पहिल्या काही नोंदींसाठी तीन प्रश्नच बरे. सहा उपशीर्षके समोर ठेवली की प्रत्येकीखाली दोन-दोन वाक्ये भरण्याची वृत्ती बळावते आणि ‘मूल्यमापन’, ‘विश्लेषण’ व ‘निष्कर्ष’ या तिन्हींखाली एकच गोष्ट शब्द बदलून लिहिली जाते. महाविद्यालयाने सहा उपशीर्षके सक्तीची केली असतील तर तिन्हींतील सीमा अशी ठरवावी : मूल्यमापनात काय साधले व काय साधले नाही, विश्लेषणात ते का, आणि निष्कर्षात त्यामुळे माझा कोणता समज बदलला.

सिद्धान्ताचा आधार कोठे आणि किती

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005पासून ज्ञानरचनावाद हा शब्द प्रत्येक छात्राध्यापकाच्या तोंडी आहे आणि प्रत्येक फायलीत त्याची व्याख्या आढळते. व्याख्येला येथे किंमत नाही. सिद्धान्तामुळे प्रसंगातील एखादी गोष्ट अधिक स्पष्ट दिसत असेल तरच तो आणावा. उदाहरणार्थ : “विद्यार्थी पूर्वानुभवाच्या आधारे नवे ज्ञान रचतो हे मी टाचणाच्या पहिल्याच पानावर लिहिले होते. प्रत्यक्षात ‘अ’ने तसेच केले, आणि मी त्याला चूक ठरवले.” या दोन वाक्यांत सिद्धान्त आणि आचरण यांतील अंतर दिसते, अर्धे पान व्याख्या लिहून ते दिसले नसते. सिद्धान्त वर्गात लागू पडला नाही असे वाटले तर तसेही लिहावे, फक्त कोणत्या परिस्थितीत लागू पडला नाही ते सांगावे.

संदर्भ देताना मजकुरात कंसात आडनाव आणि वर्ष द्यावे, जसे (शॉन, 1983), आणि नोंदीच्या किंवा फायलीच्या अखेरीस संपूर्ण तपशिलाची यादी जोडावी. परदेशी नावे मजकुरात देवनागरीत लिहिली तरी यादीत ती मूळ लिपीत असावीत, म्हणजे ग्रंथालयात शोधता येतात. जे पुस्तक तुम्ही मार्गदर्शिकेतून किंवा दुसऱ्याच्या लेखातून ओळखता, ते स्वतः वाचल्यासारखे दाखवू नये. ज्या ग्रंथात तो उल्लेख सापडला त्याचाच संदर्भ द्यावा.

पुढील कृती

“पुढील पाठात अधिक चांगली तयारी करीन” हा संकल्प झाला. कृती म्हणजे उद्या सकाळी दुसऱ्या कोणालाही तुमच्या टाचणात दिसू शकेल असा बदल : “पुढील तासाच्या सुरुवातीला ‘अ’चाच प्रश्न फळ्यावर लिहीन आणि ‘उधारी कोणाची जास्त’ व ‘हातात पैसे कोणाकडे जास्त’ असे दोन प्रश्न वेगळे करीन. त्यानंतर तापमापीचे चित्र वापरून −5 अंश आणि −2 अंश यांपैकी अधिक थंड काय आणि अधिक तापमान कशाचे, हे विचारीन.” हा बदल केल्यावर काय झाले, ते पुढच्या नोंदीत आवर्जून लिहावे. नोंदी अशा एकमेकींना जोडल्या गेल्या की फायलीला आपोआप एक सूत्र येते, आणि सत्राच्या शेवटी मागितले जाणारे समग्र चिंतन लिहायला वेगळे कष्ट पडत नाहीत.

भाषा : ‘मी’ला घाबरू नये

‘घेण्यात आला’, ‘सांगण्यात आले’, ‘आढळून आले’ ही कर्मणी वळणे सरकारी परिपत्रकातून आपल्या शैक्षणिक लेखनात आली आणि तेथेच रुजली. संशोधन अहवालात ती क्षम्य आहेत, पण चिंतनात नाहीत, कारण कर्ता लपला की जबाबदारीही लपते. ‘प्रस्तुत छात्राध्यापिकेस असे वाटले’ असे लिहिण्याऐवजी ‘मला वाटले’ असे लिहावे. एकटीने घेतलेल्या पाठाविषयी ‘आम्ही’ म्हणू नये. गटाने केलेल्या कामात मात्र ‘आम्ही’ कोठे आणि ‘मी’ कोठे हे काटेकोरपणे सांभाळावे. त्याच वेळी प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘मी’ने होऊ लागली तर वाचताना कंटाळा येतो. मराठीत क्रियापदाच्या रूपातून कर्ता बहुधा कळतो, तेव्हा ‘मी’ पुष्कळ वेळा गाळता येतो.

काळाचे भान ठेवावे. घडलेला प्रसंग भूतकाळात, त्यातून निघणारे सर्वसाधारण विधान वर्तमानकाळात आणि कृती भविष्यकाळात लिहावी. एकाच परिच्छेदात ‘विचारले’ आणि ‘विचारतो’ यांची सरमिसळ झाली की कोणती गोष्ट त्या दिवशी घडली आणि कोणती नेहमी घडते, हे वाचणाऱ्याला उलगडत नाही. खात्रीच्या पायऱ्या दाखवण्यासाठी मराठीत भरपूर सोय आहे : ‘दिसले’, ‘जाणवले’, ‘वाटले’, ‘लक्षात आले’, ‘असावे’, ‘शक्यता आहे’. ही क्रियापदे एकमेकांच्या जागी वापरू नयेत. मुलगा खिडकीबाहेर पाहत होता, हे दिसले. त्याचे लक्ष नव्हते, हे वाटले. हा फरक चिंतनाच्या गाभ्याशी आहे आणि परीक्षकाची नजर नेमकी तेथेच जाते.

विशेषणांवर अंकुश ठेवावा. ‘अतिशय’, ‘अत्यंत’, ‘उत्स्फूर्त’, ‘आनंददायी’, ‘विद्यार्थिकेंद्रित’ हे शब्द दिसले की त्यांच्या जागी घडलेली गोष्ट लिहिता येते का ते पाहावे. मार्गदर्शक प्राध्यापकांची स्तुतीही नको. त्यांच्या एखाद्या सूचनेने नेमके काय बदलले, ते लिहिले तर त्यात आदर आलाच. ‘स्टुडंट्सनी छान रिस्पॉन्स दिला’ अशी मिश्र भाषा शिक्षककक्षात चालते, फायलीत नाही. तथापि रूढ झालेले शब्द ओढूनताणून मराठी करण्याचीही गरज नाही. प्रोजेक्टर, मोबाइल, बेंच हे शब्द तसेच लिहावेत.

विद्यार्थ्यांचे बोलणे मात्र त्यांच्याच बोलीत द्यावे. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाचे उत्तर प्रमाणभाषेत बदलून लिहिले तर पुराव्यातच फेरफार होतो. बोली नीट ठाऊक नसेल तर आशय द्यावा आणि तसे स्पष्ट म्हणावे.

शुद्धलेखन

मराठी साहित्य महामंडळाचे 1962 सालचे चौदा नियम आणि 1972 साली त्यांत पडलेली चार नियमांची भर, असे अठरा नियम शिक्षकाला माहीत असलेच पाहिजेत. या लेखनात वारंवार चुकणाऱ्या काही जागा अशा : ‘मूल्यमापन’मधील मू दीर्घ आहे. ‘दृष्टिकोन’ आणि ‘कृतिसंशोधन’ यांत ‘ष्टि’ आणि ‘ति’ ऱ्हस्व आहेत, कारण तत्सम शब्दांचे मूळचे ऱ्हस्व इकार समासात ऱ्हस्वच राहतात. सुटा शब्द मात्र ‘दृष्टी’, ‘कृती’ असा दीर्घ. प्रमाणभाषेतील निवेदनात ‘असे झाले’ असे लिहावे, ‘असं झालं’ हे रूप अवतरणातील बोलण्यापुरते ठेवावे. शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, म्हणून ‘वर्गा मध्ये’ नव्हे तर ‘वर्गामध्ये’. वाक्याच्या शेवटी पूर्णविरामाचा ठिपका द्यावा. हिंदीतील उभा दंड मराठीत चालत नाही.

नावे आणि खासगी माहिती

विद्यार्थ्याचे नाव, हजेरी क्रमांक आणि चेहरा ओळखता येईल असे छायाचित्र फायलीत नसावे. ‘विद्यार्थी अ’, ‘विद्यार्थिनी ब’ अशी खूण पुरते, आणि ती सर्व नोंदींत तीच ठेवावी. जात, धर्म, घरची परिस्थिती किंवा अपंगत्व यांचा उल्लेख प्रसंगाच्या आकलनासाठी अपरिहार्य असेल तरच करावा, आणि तेव्हाही गाव व शाळा ओळखू येणार नाही अशी काळजी घ्यावी. ‘त्याच्या घरी शिक्षणाचे वातावरण नाही’ हे वाक्य फायलींत सर्रास आढळते. लिहिणाऱ्याने ते घर पाहिलेले नसते. शाळेतील शिक्षकांविषयी तक्रारवजा मजकूरही टाळावा, कारण ही फाईल बऱ्याच हातांतून जाते.

एक बाब वेगळी सांगणे आवश्यक आहे. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळले किंवा तशी शंका आली, तर ती केवळ दैनंदिनीत नोंदवून थांबता येत नाही. 2012च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांपर्यंत पोहोचवणे बंधनकारक आहे. तेव्हा मार्गदर्शक प्राध्यापक आणि मुख्याध्यापक यांच्याशी त्याच दिवशी बोलावे, आणि ती नोंद फायलीत मुळीच ठेवू नये.

पानाची मांडणी आणि टंकलेखन

हस्तलिखित मागितले असेल तर फार सांगण्यासारखे नाही : एका बाजूला लिहावे, डावीकडे बांधणीपुरता रुंद समास सोडावा, एकाच रंगाची शाई वापरावी आणि उपशीर्षकांखाली रंगीत पेनांची सजावट करू नये.

टंकलिखितात मात्र देवनागरीच्या स्वतःच्या अडचणी आहेत. मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हे दिसतात. अक्षराचे माप फाँटगणिक ठरवावे, कारण मंगल हा फाँट त्याच मापात कोकिलापेक्षा बराच मोठा दिसतो. छापील पान हातात धरून वाचून पाहणे हाच खरा उपाय. दोन ओळींतील अंतर दीडपट ठेवावे. अंतर ठरावीक पॉइंटांत बांधून टाकले तर वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात. पान ए4, डावा समास दीड इंच आणि बाकीचे एक इंच, हे माप बहुतेक बांधणीला चालते. मजकूर दोन्ही बाजूंनी समान रेषेत आणण्याचा हट्ट धरू नये. मराठीतील लांब सामासिक शब्द ओळीअखेर तुटत नाहीत, त्यामुळे मध्येच मोठ्या फटी पडतात. तिरकी अक्षरे देवनागरीत शोभत नाहीत आणि वाचायलाही त्रास देतात, म्हणून ग्रंथनामासाठी एकेरी अवतरण आणि उपशीर्षकासाठी ठळक अक्षर पुरेसे आहे. बोलणे दुहेरी अवतरणात द्यावे, आणि बोलण्याच्या आत बोलणे आले तर एकेरी. आकडे देवनागरी वापरा किंवा आंतरराष्ट्रीय, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच पद्धत ठेवावी.

‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘ऱ्हस्व’ यांतील र पुष्कळांना टंकता येत नाही आणि ‘दुसर्या’ असे रूप पानापानावर दिसते. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की ऱ येतो. त्यापुढे पायमोड आणि नंतर य किंवा ह टंकावा. काही फाँटमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी ठरवून दिली की ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची होतात, तेव्हा ती ठरवणी एकदा तपासून पाहावी.

प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर दिनांक, इयत्ता, विषय, घटक आणि तासिका एका ओळीत द्यावी. त्याखाली निवडलेल्या प्रसंगाला स्वतःचे छोटे शीर्षक असावे. ‘चिंतन क्र. 7’ यापेक्षा ‘उधारीचे उदाहरण आणि उणे पाच’ हे शीर्षक परीक्षकाला आणि सत्राअखेर तुम्हालाही अधिक उपयोगी पडते. अनुक्रमणिकेतही हीच शीर्षके यावीत. संबंधित पाठ टाचणाची किंवा वहीच्या पानाची छायाप्रत परिशिष्टात जोडल्यास नोंदीत तिचा क्रमांक द्यावा आणि छायाप्रतीवरील विद्यार्थ्याचे नाव झाकावे.

शेवटचे वाचन

लिहून झाल्यावर नोंद एक-दोन दिवस बाजूला ठेवावी आणि मग मोठ्याने वाचावी. वाचताना पेन्सिलीने दोन प्रकारच्या खुणा कराव्यात : दुसऱ्या कोणत्याही पाठाखाली जसेच्या तसे चालेल अशा प्रत्येक वाक्याला एक, आणि आधार न देता केलेल्या प्रत्येक विधानाला दुसरी. पहिल्या प्रकारची वाक्ये खोडावीत. दुसऱ्या प्रकारच्या विधानांना आधार जोडावा किंवा त्यांची खात्री कमी करून लिहावी. त्यानंतरच सहाध्यायीकडून शुद्धलेखन तपासून घ्यावे, कारण खोडल्या जाणाऱ्या वाक्यांतील वेलांट्या सुधारण्यात कोणाचाच वेळ जाऊ नये.

छपाईला नेताना पीडीएफ न्यावी, मूळ फाईल नव्हे. दुकानातील संगणकावर तुमचा फाँट नसला की जोडाक्षरे फुटतात आणि पानांचे क्रमांक सरकतात. बांधणीपूर्वी अनुक्रमणिकेतील क्रमांक प्रत्यक्ष पानांशी ताडून पाहावेत, मार्गदर्शकांची सही सुट्या पानांवर घेऊन ठेवावी आणि एक संपूर्ण प्रत स्वतःजवळ राखावी, कारण महाविद्यालयात जमा केलेली फाईल तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायला मिळेलच याची हमी नसते.